हायफनबाई आणि बारा अक्षरांचा शब्द

आमच्या टायपिंगच्या बाईंना आम्ही पाठीमागे हायफनबाई म्हणत असू. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर खडूनं इंग्रजीत तसं लिहून ठेवलं, तेव्हा आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. बाई आल्या, त्यांनी वाचलं, खडू उचलला आणि 'पी'च्या पुढे राहिलेला 'एच' भरला. मग हजेरी घेतली.

क्लास म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक लांबट खोली. जिना लाकडी, वरून तिसरी पायरी हलती, तिच्यावर पाय देणारा नवीन आहे हे आवाजावरून कळायचं. खोलीत दोन रांगांत अकरा टाइपरायटर. चार नंबरचा 'बी' अडकायचा, नऊ नंबरची रिबन अध्येमध्ये संप करायची. बाई खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून बसत आणि आदल्या दिवशीचे कागद लाल पेन्सिलीनं तपासत. पाठ असली तरी कान आमच्याकडेच असायचे. अकरा यंत्रांची खडखड चाललेली असताना त्या मान न वळवता म्हणायच्या, "सात नंबर, तुझी घंटी होऊन गेली. आता कुठे चाललीस?" आणि सात नंबरवाली जीभ चावून थांबायची.

ज्यांनी टाइपरायटर पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी सांगते. ओळ संपत आली की यंत्रात एक बारीक घंटी वाजते. म्हणजे आता सात-आठ अक्षरांची जागा उरली. चालू शब्द तेवढ्यात बसत असेल तर बसवायचा. नसेल तर योग्य जागी तोडायचा, आडवी रेघ मारायची आणि उरलेला भाग खालच्या ओळीवर न्यायचा. ती रेघ म्हणजे हायफन. विचार करायला पापणी लवण्याइतकाच वेळ, कारण बोटं थांबली की वेग पडलाच. आणि इंग्रजी शब्द वाटेल तिथे तोडून चालत नाही. भलत्या जागी तोडला की परीक्षेत एक चूक धरतात.

बाईंचा सगळा जीव या एका गोष्टीत होता. वेग काय, तो सरावानं येतो, असं त्या म्हणत. पण ओळीच्या टोकाशी माणूस कसा वागतो यावर त्याची परीक्षा. माणसाचं नाव तोडायचं नाही. आकडा तोडायचा नाही. पानाचा शेवटचा शब्द तोडायचा नाही. खालच्या ओळीवर दोनच अक्षरं पाठवायची नाहीत, ती बिचारी एकटी पडतात. हे सगळं त्या इतक्या गंभीरपणे सांगत, की आमच्यातल्या एकीला स्वप्नात दोन अक्षरं रडताना दिसली होती. निदान ती तसं सांगायची.

गंमत म्हणजे बाईंचं स्वतःचं इंग्रजी बेताचंच होतं. शाळेत त्या विषयाला त्यांना दोनदा बसावं लागलं होतं. लग्नाआधी त्या एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. तिथल्या हेडक्लार्कनं निवृत्त होताना त्यांना आपली जुनी डिक्शनरी दिली. हाताच्या पंजाएवढी, पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेली. तिच्यात प्रत्येक शब्द मधे बारीक रेघा देऊन छापलेला होता: हा इथे तुटतो, हा तिथे. बाईंनी ती अर्थासाठी कधी उघडली नाही. फक्त रेघांसाठी उघडली, आणि बावीस वर्षांत रेघांसकट पाठ केली. शब्दाचा अर्थ विचारला तर त्या सरळ "माहीत नाही" म्हणत. कुठे तुटतो विचारलं तर झोपेतून उठून सांगितलं असतं.

डिक्शनरी वाचून वाचून त्यांनी एक नियम काढला होता आणि तोच आम्हाला शिकवला. लांब शब्द बहुधा दोन-तीन तुकडे जोडून केलेला असतो. तो जोड शोधा आणि तिथेच तोडा. थर्मो एक, मीटर दुसरा. बॅरो एक, मीटर दुसरा. तुकड्याच्या मधोमध कात्री चालवू नका.

माझ्या वर्षी आम्ही नऊजणी परीक्षेला बसलो. उतारा धान्याच्या कोठारांवर होता. हवा कशी खेळती ठेवावी, ओल कशी तपासावी, वगैरे. पहिला परिच्छेद लोण्यासारखा गेला. दुसऱ्यात, ओळ संपत आलेली, घंटी वाजली आणि समोर एक शब्द उभा राहिला. पी, एस, वाय, सी, एच, आर, ओ, एम, ई, टी, ई, आर. बारा अक्षरं. आयुष्यात कधी पाहिलेला नाही, कसा उच्चारायचा हेही ठाऊक नाही. पण डोळ्याला शेवटचा 'मीटर' दिसला आणि बोटांनी आपलं काम केलं. मीटरच्या आधी रेघ मारली आणि खाली उतरले. बाहेर आल्यावर कळलं की नऊच्या नऊजणींनी तसंच केलं होतं. जिन्यावर त्या शब्दाला कुणी पिसीक्रोमीटर म्हटलं, कुणी सिक्रोमीटर. एकीनं शपथेवर सांगितलं की ते वेड मोजायचं यंत्र आहे, आणि ते आधी पेपर काढणाऱ्याला लावायला हवं.

निकाल लागला तेव्हा आमच्यातल्या चौघी नापास. पंधरा चुका माफ होत्या, आम्हा चौघींच्या सोळा-सोळा झाल्या. मला तर रडूच कोसळलं. न्यायालयात टायपिस्टच्या जागा निघाल्या होत्या, दोन महिन्यांच्या आत प्रमाणपत्र दाखवायचं होतं. माझे वडील टपाल वाटायचे. पत्त्यावरचं पत्र पोचलं नाही की त्यांचा दिवस वाईट जायचा, आणि त्या निकालाच्या दिवशी ते घरी येऊन नुसते बसून राहिले.

बाईंनी परीक्षा घेणाऱ्या बोर्डाला अर्ज करून आमचे कागद पाहायला मागितले. ते पाहून आल्या त्या संध्याकाळी त्यांनी आम्हा चौघींना बोलावलं. चौघींच्या कागदावर एकाच जागी लाल गोल होता, त्या बारा अक्षरांच्या शब्दापाशी. बोर्डाच्या उत्तरात तो शब्द 'एम'च्या पुढे तोडलेला होता. म्हणजे मीटर फोडून त्याचा 'एम' वर ठेवलेला आणि बाकीचे चार अक्षरांचे अवशेष खाली.

बाईंनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि मीटरच्या आधी आमची रेघ मारली. मग म्हणाल्या, "हे मी शिकवलंय. तुमची चूक नाही, माझी असेल."

दुसऱ्या दिवशी क्लास बंद होता. खाली सायकलवाल्यानं सांगितलं की इतक्या वर्षांत हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचं बाईंनी आम्हाला नंतर सांगितलं. त्या दिवशी त्या कॉलेजच्या ग्रंथालयात गेल्या. त्यांच्या छोट्या डिक्शनरीत तो शब्दच नव्हता. तिथले ग्रंथपाल म्हणजे वयस्कर, हळू बोलणारे गृहस्थ, हातात भिंग. बाईंनी कागदावर बारा अक्षरं लिहून त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं की हा कुठे तुटतो. ग्रंथपालांना आयुष्यात कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. लोक अर्थ विचारतात, स्पेलिंग विचारतात, फार तर उच्चार विचारतात. ते खुर्चीवरून उठले, आणि बाई म्हणतात की ते उठले ते दुपारी जेवायलाच बसले.

त्यांनी दोन जाडजूड कोश काढले. एक इंग्लंडात छापलेला, जुना. दुसरा अमेरिकेत छापलेला. दोन्ही शेजारी उघडले आणि बाईंच्या हातात भिंग दिलं. पहिल्यात रेघ होती मीटरच्या आधी, बाईंच्या नियमासारखी. दुसऱ्यात 'एम'च्या पुढे, बोर्डासारखी. बाईंना वाटलं आपल्याला दिसत नाहीय. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

ग्रंथपालांनी समजावून सांगितलं. पहिला 'पी' मुका असतो. शब्दाचा उच्चार सायक्रॉमिटर, आणि जोर पडतो तो 'क्रॉम'वर. साय, क्रॉम, इ, टर, असे चार ठोके पडतात. ज्यांना शब्द तोंडानं बोलतो तसा तोडायचा असतो, ते ठोक्यांप्रमाणे तोडतात. तिथे 'एम' मागच्या ठोक्याला चिकटून जातो. मधली 'ई' एकटी म्हणून पुढच्याबरोबर खाली जाते. पण शब्द घडला कसा हे पाहिलं तर त्यात दोनच तुकडे. पुढचा गार या अर्थाच्या जुन्या ग्रीक शब्दावरून आलेला, मागचा मोजणारा. जुन्या धाटणीचे लोक तिथे तोडतात. थर्मामीटर घ्या, बॅरोमीटर घ्या, सगळ्यांची हीच भानगड आहे. दोन्ही पक्षांत मोठमोठी माणसं आहेत आणि त्यांचं कधीच जमलं नाही.

"मग बरोबर कोण?" बाईंनी विचारलं.

"दोघेही," ग्रंथपाल म्हणाले. "एका कागदावर दोन्ही पद्धती मिसळल्या तर मात्र चूक."

बाई सांगत होत्या, की हे ऐकून त्यांना आधी आनंद झाला नाही. धक्का बसला. बावीस वर्षं एका पंजाएवढ्या पुस्तकाच्या भरवशावर आपण शेकडो पोरींना सांगत आलो की शब्द इथेच तुटतो, दुसरीकडे तुटत नाही. ज्यांनी ठोक्यांवर तोडला त्यांच्या कागदावर आपणही लाल गोल काढलेच असतील. त्या घरी चालत आल्या आणि चहा ठेवताना दोनदा साखर घातली.

बाईंचे यजमान सूतगिरणीत कामाला होते. कताई खात्यात जॉबर, म्हणजे यंत्रांच्या दोन रांगांवरच्या कामगारांचे मुकादम. हसतमुख माणूस, घरी आल्यावर गिरणीचं नाव काढायचं नाही असा त्यांचा नेम, आणि बाईही क्लासचं फारसं बोलत नसत. त्या संध्याकाळी मात्र दोनदा साखर घातलेला चहा पिऊन ते म्हणाले की काहीतरी बिघडलंय, सांगून टाक. बाईंनी सगळं सांगितलं. एवढी मारामारी ज्या शब्दावरून, ते यंत्र कुणी पाहिलंही नसेल, असंही म्हणाल्या.

"करतं काय ते यंत्र?" यजमानांनी विचारलं.

बाईंनी ग्रंथपालांकडून उतरवून आणलेला कागद वाचला. एका चौकटीत दोन थर्मामीटर शेजारी शेजारी. एकाच्या खालच्या टोकाला ओलं कापड गुंडाळलेलं. दोघांच्या पाऱ्यात किती फरक पडतो त्यावरून हवेत ओल किती ते कळतं.

यजमानांनी कप खाली ठेवला. "आणि मुठीत धरून गरागरा फिरवायचं?"

"ते तुम्हाला काय माहीत?"

"अगं, ते आमचं भिरभिरं," ते म्हणाले. "अठरा वर्षं फिरवतोय मी. दर दोन तासांनी."

हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून गिरणीत ओल सांभाळावी लागते. त्यासाठी खात्यात हे यंत्र असतं. एका दांडीला लावलेली लाकडी चौकट, लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखी फिरवायची. सगळे त्याला भिरभिरं म्हणत आले, म्हणून हेही म्हणत आले. त्याला इंग्रजीत काही नाव असेल हे त्यांच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. बाई म्हणतात, ती दोघं इतकी हसली की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी क्लास उघडला. बाईंनी आम्हा सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की शब्द तोडायच्या दोन पद्धती आहेत, त्यांना स्वतःला काल कळलं, आणि इतकी वर्षं त्यांनी अर्धंच शिकवलं. कुठल्या शिक्षकानं असं सांगितलेलं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. मग त्या बसल्या आणि बोर्डाला पत्र टाइप करायला घेतलं. दोन पानांचं पत्र. त्यात ओळीच्या टोकाशी एकही शब्द तुटलेला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाल्या, "वाचणाऱ्याच्या हातात कशाला काठी द्यायची?"

बोर्डानं बोलावलं. ऑफिस दुसऱ्या गावात, बसनं दोन तासांवर. आमच्या चौघींतर्फे मी गेले. बाईंच्या पिशवीत ग्रंथपालांनी स्वतःच्या हातानं उतरवून, शिक्का मारून दिलेल्या दोन्ही कोशांतल्या नोंदी होत्या. आणि बाईंचे यजमान रजा काढून आले होते, कारण बाईंना भिरभिरं बरोबर हवं होतं, आणि गिरणीच्या मॅनेजरनं ते एकाच अटीवर बाहेर नेऊ दिलं होतं: यांनी ते स्वतः धरायचं, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही. ते टॉवेलात गुंडाळून त्यांनी तान्ह्या मुलासारखं मांडीवर घेतलं होतं. बसमध्ये एका बाईनं मुलगा की मुलगी असं विचारलंसुद्धा.

परीक्षा नियंत्रक उंच, चष्मा कपाळावर चढवलेले. शेजारी उत्तरं तयार करणारे परीक्षक बसलेले, हातावर हात. टेबलावर आमचे चार कागद. नियंत्रकांनी बाईंचं पत्र वाचलं होतं. ते रागावलेले नव्हते, पण त्यांना नवल वाटत होतं.

"बाई, तुमचं इंग्रजी किती झालंय?" त्यांनी विचारलं.

"शाळेपुरतं, साहेब. त्यातही दोनदा बसावं लागलं."

"आणि तुम्ही आम्हाला शब्द कसा तोडायचा ते सांगायला आलात?"

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "तुमचं उत्तर चूक आहे असं माझं म्हणणंच नाही. तुमचं बरोबर आहे. माझ्या मुलींचंही बरोबर आहे. एवढंच सांगायला आलेय."

नियंत्रकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. बाईंनी नोंदींचे कागद पुढे ठेवले. मग टेबलावर बोटानं ठोके देऊन साय, क्रॉम, इ, टर हे चार भाग दाखवले आणि परीक्षकांकडे पाहून म्हणाल्या की हे तुमचं, यात एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मग हाताचे दोन पंजे शेजारी ठेवून दुसरी फोड दाखवली. त्यांनी बोर्डाचीच नियमांची पुस्तिका उघडली. तिच्यात लिहिलं होतं की शब्द प्रमाण कोशाप्रमाणे तोडावा. कोणत्या कोशाप्रमाणे, ते लिहिलं नव्हतं. माझ्या मुलींनी सगळ्या उताऱ्यात एकच पद्धत धरली आहे, तपासून पाहा, असंही त्या म्हणाल्या.

परीक्षकांनी हातावरचा हात काढला. आता त्यांनी तोंड उघडलं. त्यांचा मुद्दा असा, की शब्दाच्या जडणघडणीवर जायचं तर तीही नीट पाहा. पुढचा भाग 'सायको', म्हणजे मन. मन मोजायचं यंत्र. मग त्यात 'आर' कुठून घुसला? उताऱ्यात छपाईची चूक असावी, आणि चुकीच्या शब्दाची फोड काय करायची?

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी भिंतीशी बाकावर बसलेले यजमान खाकरले.

"साहेब, मन नाही मोजत ते," ते म्हणाले. "हवा मोजतं. दाखवू का?"

टॉवेल उलगडला गेला. लाकडी चौकट, दोन काचेच्या नळ्या, एकीच्या टोकाला मळकट पांढरं कापड. त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात कापड बुडवलं, दोन पावलं मागे सरकले, सगळ्यांना जरा लांब व्हायला सांगितलं आणि मुठीत दांडी धरून ते फिरवायला लागले. घूं घूं असा आवाज. आमचे चार कागद उडून खाली गेले, शिपाई दारात डोकावला. मनातल्या मनात मोजून ते थांबले आणि चौकट नियंत्रकांच्या नाकासमोर धरली, पण हातातून सोडली नाही.

नियंत्रकांनी वाकून वाचलं. कोरडा एकतीस. ओला चोवीस.

"ओल्या कापडानं गार झाला," ते म्हणाले.

"गार," बाई म्हणाल्या. "शब्दाचा पुढचा तुकडा तोच आहे, साहेब. मनाचा शब्द दुसरा, त्यात 'आर' नाही. हा गारव्याचा, 'आर'सकट. आणि मागचा मीटर. माझ्या मुली त्या दोघांच्या मधे तोडून आल्या."

चौकटीच्या मागच्या बाजूला, दांडीजवळ, बनवणाऱ्या कंपनीची पितळी पट्टी होती. नियंत्रकांनी ती बोटानं पुसली. बारा अक्षरं, 'आर'सकट. परीक्षकांनीही उठून वाचली. ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, छपाईची चूक नाही, माझी समजूत चुकली. उत्तर त्यांनी अमेरिकन कोशावरून काढलं होतं, तेवढाच त्यांच्या घरी होता. बाई लगेच म्हणाल्या की त्यांच्याही घरी एकच आहे, आणि हाताचा पंजा दाखवून तो केवढा आहे हेही सांगितलं. परीक्षक हसले. मग पुढची दहा मिनिटं ते दोघं बाकीच्यांना विसरून थर्मामीटरवर बोलत होते.

निर्णय तिथे सांगितला नाही. परतीच्या बसमध्ये मी नखं खात होते आणि बाई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. यजमान टॉवेलातलं मूल मांडीवर घेऊन बसलेले.

अकरा दिवसांनी पत्र आलं. माझ्या वडिलांनीच ते क्लासवर पोचवलं, कारण ती गल्ली त्यांच्याच वाटपात होती. पाकिटावर बोर्डाचा शिक्का पाहून ते जिना चढून वर आले. एरवी टपाल सायकलवाल्याकडे द्यायचे. ते वरून तिसऱ्या पायरीवर थांबले असावेत, कारण पावलांचा आवाज थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला. बाईंनी पत्र उभ्यानंच वाचलं आणि माझ्याकडे दिलं. दोन्ही ठिकाणची फोड ग्राह्य धरण्यात येत आहे. सर्व केंद्रांवरच्या कागदांची फेरतपासणी झाली आहे. आमच्या चौघींशिवाय दुसऱ्या गावांतले सत्तावन्न जण त्या एका गोलामुळे नापास झाले होते, तेही पास. ज्यांची तोंडंही आम्ही कधी पाहिली नव्हती असे सत्तावन्न. माझ्या वडिलांनी पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं, पिशवी सावरली आणि पुढच्या घराकडे गेले. पण संध्याकाळी घरी आले तेव्हा शीळ घालत होते.

मला न्यायालयातली नोकरी लागली. एकतीस वर्षं केली. निकालपत्रं टाइप केली, साक्षी टाइप केल्या. पहिल्याच आठवड्यात न्यायाधीशांच्या सेक्रेटरींनी विचारलं की शब्द कोणत्या पद्धतीनं तोडतेस, आणि मी कोणती हवी असं उलट विचारलं, तेव्हा ते खुर्चीत सरळ झाले.

बाईंचं शिकवणंही त्या वर्षापासून बदललं. आता नव्या मुलींना आधी टेबलावर ठोके द्यायला लावायच्या, मग शब्दाचे तुकडे शोधायला. दोन्ही झाल्यावर म्हणायच्या की तुला जी सोपी ती धर, पण धरलीस की पान संपेपर्यंत सोडू नकोस. दिवाणखान्यात त्यांनी ग्रंथालयातून रद्दीत निघालेला एक जाडा कोश आणून ठेवला. यजमानांना त्यात यंत्रांची नावं शोधायचा नाद लागला. एकदा कारखान्यातल्या एका साध्या चाकाचं इंग्रजी नाव त्यांनी हुडकून काढलं आणि दुसऱ्या दिवशी खात्यात सगळ्यांना ऐकवलं. कुणी विश्वास ठेवला नाही.

दोन वर्षांनी बोर्डाचं आणखी एक पत्र आलं. परीक्षेचे उतारे छापण्याआधी बाईंनी ते वाचून पाहावेत, अशी विनंती. नियंत्रकांची सूचना होती की अवघड शब्द त्यांनी सरळ काढून टाकावेत. बाईंनी ते मानलं नाही. त्यांचं म्हणणं, प्रत्येक उताऱ्यात एक तरी असा शब्द हवा, नाहीतर मुली शिकणार काय? फक्त तपासणाऱ्याला दोन्ही फोडी लिहून द्याव्यात. नियंत्रकांनी हो म्हटलं.

तेव्हापासून वर्षातून दोनदा बाई आणि यजमान डबा घेऊन बसनं तिकडे जायचे. बाई आत उतारे वाचत, यजमान बाहेर आवारातल्या बाकावर पेपर वाचत बसत. मी एकदा न्यायालयाच्या कामासाठी त्या गावी गेले होते, तेव्हा दुपारी सहज बोर्डाच्या आवारात डोकावले. बाई बाहेर आल्या होत्या, दोघांच्या मधे डबा उघडलेला. बाईंनी मला बाकावर जागा करून दिली, डब्याचं झाकण माझ्या हातात ठेवलं आणि सकाळी सापडलेला एक नवा शब्द सांगितला. चौदा अक्षरांचा, कसल्याशा शेवाळाचं नाव. त्यांना अर्थ माहीत नव्हता. मी माझ्या परीनं गुडघ्यावर ठोके दिले, पाच पडले. यजमानांनी चार मोजले. बाई जेवता जेवता म्हणाल्या की आत्ता जेवा, दोघंही चुकलात.